सव्वा मूठ

हितेंद्र फोनवर हसला, एवढंच झालं. सकाळची वेळ होती. मी जळगावच्या मेहरूण तलावाच्या कठड्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होते, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला, आणि माझा धाकटा भाऊ तिकडून, गावाकडून, सांगत होता की यंदा कानबाईला एक मूठ वाढली. स्वप्नीलच्या बाळाची. स्वप्नील हा हितेंद्रचा थोरला, पुण्याला असतो. त्याचं बाळ अजून मान धरत नाही, त्याचं नाव ठेवायचं आहे, पण मुलगा आहे म्हणून मूठ आहे. "बरं झालं," मी म्हटलं, आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "आणि माझी?" तो हसला. रागावला असता तर मी भांडले असते आणि भांडून झाल्यावर रोजच्यासारखी तलावाला फेरी मारून कामाला गेले असते. पण मोठ्यांच्या पंगतीत लहान पोरानं पाट मागितला की हसतात तसा तो हसला, प्रेमानं. "अक्का, तू पण ना," म्हणाला. "तू ये फक्त. रोट खायचा तुझा हक्कच आहे." फोन ठेवला तरी ते हसणं कानात राहिलं. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगत असते, हात इथे ठेवा, मूठ वळा, उघडा, हलू नका. त्या दिवशी प्रत्येक वेळी 'मूठ वळा' म्हटलं की पलीकडे हितेंद्र हसत होता. संध्याकाळपर्यंत मला राग आला होता. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या जागी समजूतदारपणा ठेवला होता.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. आदल्या दिवशी तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण. एरवी पिठाची गिरणी आहे, पण हे दळण घरच्या जात्यावरच. घरातला कर्ता पुरुष गव्हाचं पोतं उघडून बसतो, एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. एक मूठ, आणि वर पाव म्हणून चार बोटांची चिमूट. नाव घेतलं की जात्यावर बसलेली बाई जात्याला एक फेर देते, मग पुढचं नाव. लग्न होऊन गेलेल्या लेकीला तो रोट खाताही येत नाही, माझी बहीण रूपाली चाळीसगावला दिली तेव्हापासून त्या दिवशी पाहुण्यासारखी लांब बसते. मी लग्न केलं नाही, म्हणून मी कुळातच राहिले, म्हणून मला रोट मिळतो. पण मूठ नाही. खाणाऱ्यांत आहे, मोजण्यात नाही. लहानपणी मी वडिलांच्या, अण्णांच्या, मांडीला टेकून बसायचे. जीवराम पाटलांचा हात मोठा, कपाशी वेचून वेचून बोटांची टोकं खरबरीत झालेली. सगळी नावं झाली तेव्हा एकदा मीही पोत्यात हात घातला आणि मूठ भरून सुपावर धरली. अण्णांनी माझी बोटं एकेक करून उघडली, दाणे परत पोत्यात सोडले आणि म्हणाले, "तुझी मूठ तुझ्या घरी." रागावले नाहीत. त्यांनाही हसूच आलं होतं. ती उघडली गेलेली बोटं मला अजून आठवतात, करंगळीपासून सुरुवात केली होती त्यांनी. तुझं घर म्हणजे सासर. तिथेही बायकांना मूठ नसते हे तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही. पुढे स्थळं आली, मी नको म्हणत गेले. त्यात दुःखाची गोष्ट काही नाही, लोकांना ऐकायची फार हौस असते म्हणून सांगते. मला एकही माणूस इतका आवडला नाही की त्याच्यासाठी सकाळी स्वतःआधी त्याचा चहा टाकावा. मेहरूणला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. माझ्या घरी माझी मूठ, या हिशेबानं तिथे रोज मूठभर काय, डबाभर होती. पण मला ती नको होती. मला त्या सुपातली हवी होती.

आमच्या घराण्यात एक जुना नेम आहे. बाहेरगावी राहणाऱ्या भाऊबंदानं आपली मूठ आपल्या घरून आणायची, आणि ती चाकावर आणायची नाही. कानबाईचा दाणा पायी येतो. वाटेत तो जमिनीला टेकवायचा नाही. आणि पायी आलेला दाणा माघारी जात नाही, असं आजोबा म्हणायचे. कुणाशी कितीही वाकडं असलं, बोलणं बंद असलं, तरी चालत आलेली मूठ सुपात घ्यायचीच. जुन्या काळी गाड्या नव्हत्या, तेव्हा या नेमाला काही अर्थ होता. आता माझा चुलतभाऊ चंदन सुरतेहून एसी गाडीत मूठभर गहू आणतो, वेशीवरच्या मारुतीपाशी गाडी लावतो, सँडल काढतो, आणि तिथून घरापर्यंत अनवाणी चालतो. फोटोही काढतो. बाकीचेही तसंच. नेम पाळला. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे आठवत होते आणि माझ्या डोक्यात ते आपोआप जुळलं. मूठ द्या म्हणून मागायची नाही. घेऊन जायची. जळगावहून आमच्या धामणखेड्याला, घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत, सगळी वाट पायी. म्हणजे साऱ्या भाऊबंदात नेमानं आलेला दाणा एकच असेल आणि तो माझा असेल. मग परत करून दाखवा. गव्हाच्या डब्यात हात घातला, मूठ भरली. लहानच दिसली. आपला हात जगन्नाथ म्हणून थोडी वाढवावी असं मनात आलं, पण नाही. माझ्या नावाची तर माझ्याच मापाची. वर चिमूट टाकली, पांढऱ्या फडक्यात गाठ मारली. एवढ्यात बेबाबाईचा फोन आला. बेबाबाई माझी काकू, अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून जात्यावर तीच बसते. हितेंद्रनं तिला माझं बोलणं सांगितलं असणार. "हट नको करू, पोर," ती म्हणाली. "मूठ कसाले पाहिजे तुले? रोट ते मिळसच ना." मी म्हटलं, "काकू, शनिवारी येते." पायी येते हे सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी उजाडायच्या आत निघाले. फडकं कमरेला बांधलेलं, पाठीवर पाण्याची बाटली, केळी, जास्तीचे मोजे. तलावाभोवती फिरणारी नेहमीची मंडळी समोरून आली, एकानं विचारलं, "आज उलट्या बाजूनं?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं. आकाशवाणी चौकात भाजीच्या गाड्या उतरत होत्या, खोटेनगरपर्यंत शहर संपतच नाही, एकामागून एक मंगल कार्यालयं, टायरची दुकानं, बंद शटरं. रोज दोन चाकांवर या रस्त्यानं जाते, पण पायी चालताना तो रस्ता मला ओळखत नव्हता. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. एकट्या बाईनं हायवेच्या कडेनं पहाटे चालणं म्हणजे एकतर तिला वेड लागलंय, नाहीतर ती घर सोडून चाललीय. दोन्हीपैकी एकही मला लागू नव्हतं. मी घराकडे चालले होते आणि डोकं इतकं स्वच्छ बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. बांभोरीच्या पुलावर थांबले. गिरणेला पाणी होतं, गढूळ, अर्ध्या पात्रातून. अण्णा मला शिकायला जळगावला घेऊन यायचे तेव्हा एसटी या पुलावर आली की ते खिशातून एक नाणं काढून माझ्या हातात द्यायचे, नदीत टाक म्हणायचे. तेव्हा नदीला टाकायला मूठ चालत होती माझी. हे आठवल्यावर मी पुलावरून जरा जोरातच चालले.

पाळधीच्या पुढे हायवे सोडला आणि शिवारात शिरले. हाच रस्ता मला हवा होता. काळी माती, मध्ये गवताचा पट्टा, दोन्हीकडे कपाशी कमरेपर्यंत आलेली, मधूनच मका, बांधावर कडुनिंब. पावसानं उघडीप दिली होती, ऊन होतं पण ओलं, आणि मातीला तो वास होता जो शहरात फक्त कुंडीला पाणी घातल्यावर येतो. चालायला लागून बराच वेळ झाला की शरीर आपलं बोलणं सुरू करतं. आधी टाचा, मग मांड्या, मग कंबर. उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला होता. मला एक्स-रेमधलं पाऊल दिसत होतं, ती सगळी बारीक हाडं, एवढ्या लहान लहान तुकड्यांवर माणूस उभा राहतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. एका ठिकाणी मला बाभळीआड जायची वेळ आली तेव्हा पंचाईत. दाणा अंगावर ठेवून बसणं बरं नाही, जमिनीला टेकवायचा नाही. शेवटी फडकं फांदीला अडकवलं, आणि काट्यांत ते पांढरं गाठोडं लोंबकळताना पाहून मला इतकं हसू आलं की तोल जायची पाळी आली. पुरुषांना या नेमात ही अडचण कधी आली असेल असं वाटत नाही. आली असती तर नेम बदलला असता.

पुढे एका वावरात बायका कपाशीतलं तण निंदत होत्या. बांधावर पाण्याचा माठ होता म्हणून मी वळले. त्यातली एक, कुंदाबाई नाव सांगितलं तिनं, विळा कमरेला खोचत आली. डोक्याला रुमाल, तोंडात तंबाखू, माझ्या बुटांकडे निरखून बघत.

"कोठून उनी व माय?"

"जळगावहून."

"पायी? काबर, गाड्या बंद शेतस का?"

बाकीच्या हसल्या. मग नवस आहे का, विचारलं. मी म्हटलं नवस नाही, मूठ आहे, आणि सगळं सांगितलं. एवढं सविस्तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण वाटेत भेटलेल्या माणसाला सांगायला सोपं जातं. कुंदाबाईनं पाणी दिलं. मी ओंजळीनं पीत होते तोवर ती विचार करत होती.

"मूठभर गहूसाठे एवढी चालनी? मी तुले पायलीभर दिसू. घे न जाय माघारी."

"गहू आहेत घरी."

"मंग?"

"नाव नाही."

"नाव नही म्हने." ती आता खरोखर चिडली. "मनं माहेरमा नाव नव्हतं, सासरमा नही. मंग मी काय वावरमा ऱ्हाऊ? कानबाईनं पीठ आम्ही पाडतस, नाव त्यास्नं. बठ्ठ्यास्ना घर तसंच शे. तूच काय मोठी लागी गयी?" आणि विळा काढून ओळीत जाऊन बसली. मी तिथेच उभी राहिले, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तिचं चुकत नव्हतं, ते मला बोचलं. मी शिकलेली, पगाराची, माझ्यामागे ना सासू ना नवरा, मला हे चाळे परवडतात. तिला परवडत नाहीत. पण म्हणून काय ते करायचंच नाही? जिला परवडतं तिनंही गप्प बसायचं, तर मग कोण बोलणार, ते स्वप्नीलचं बाळ? मी चालायला लागले. मागून तिचा आवाज आला, "ओ जळगाववाली! डाव्या हातनी वाट धर, उजव्या बाजूले नालाले पाणी शे!" मी डाव्या हाताची वाट धरली.

दुपार कलली तशी आभाळ भरून आलं. मी फडकं कुडत्याच्या आत घेतलं. धामणखेडं अजून लांब होतं आणि पायाचा फोड फुटला होता. मोजा ओला झाला होता. मागून मोटारसायकल आली आणि थांबली. गावचा वना होता, आमच्या शेजारच्या गल्लीतला, पुढे खताचं पोतं आडवं.

"अक्का? आठे काय करी ऱ्हायनी? बठ, घर लगून सोडी देस."

"नको रे. कानबाईचा दाणा आहे. चाकावर चालत नाही."

त्यानं गाडी बंद केली. "कोना नावना?"

"माझ्या."

"बाईनी मूठ? आसं कोठे ऱ्हास का?"

"आजपासून राहील."

वनानं माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं. मग गाडी चालू करून निघून गेला. आता गावात माझ्याआधी बातमी पोचणार. पोचू दे. खरं तर मला तेच हवं होतं, चोरून न्यायची असती तर बसनं गेले असते. पण तो दिसेनासा झाल्यावर भीती वाटली. पहिल्यांदाच. दार लावून घेतील अशी नाही, ते लावणार नाहीत. ते चहा देतील, पाय शेकायला गरम पाणी देतील, हळद लावतील, प्रेमानं बोलतील आणि पुन्हा हसतील. त्या प्रेमाची मला भीती वाटत होती. भांडणारं माणूस समोर उभं असतं, त्याला ढकलता येतं. हसणाऱ्याला काय ढकलणार? माझी बोटं पुन्हा एकेक करून उघडतील, करंगळीपासून, आणि मी उघडू देईन. कारण मी दमलेली असेन. रस्त्यावर पावसाचे थेंब पडायला लागले, मोठे, लांब लांब. दोन वर्षांपूर्वी काकूला मीच दवाखान्यात आणलं होतं, तिचे हात दुखतात म्हणून. फिल्म उजेडात लावली तर बोटांच्या सांध्यांत फटच उरली नव्हती, हाड हाडावर आलेलं, गाठी झालेल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? ती म्हणाली, "काहीच नही." मी शेजारी उभी होते. मूठ वळा म्हटलं तर तिची बोटं अर्ध्यातच थांबली. एवढं आठवलं आणि का कोण जाणे, माझे पाय पुन्हा चालायला लागले.

हितेंद्र गाडी घेऊन समोरून आला. वनानं काम चोख केलं होतं. पाऊस आता चांगला लागला होता, काचेवर वायपर फिरत होते, त्यानं दार उघडलं तर आतला गरम, कोरडा वास आला. माझा भाऊ वाईट नाही. अण्णा गेल्यावर माझ्या आजारपणात तीन रात्री तो दवाखान्यात खुर्चीवर झोपला होता. त्यामुळेच जड जात होतं. "अक्का, काय अवतार करून घेतलाय? बस. आधी बस, मग काय बोलायचं ते बोल."

"चाकावर—"

"हो, माहितीय. मग दाणा मी हातात घेऊन चालतो, तू गाडीत बस. स्वप्नील चालवेल." स्वप्नील स्टिअरिंगवर बसून ओशाळं हसत होता. मी मान हलवली आणि चालू लागले. गाडी उलटी फिरून माझ्या बाजूनं हळूहळू येत राहिली, हितेंद्र खिडकीतून बोलत होता, पाऊस त्याच्या बाहीवर पडत होता. लोक काय म्हणतील हे त्यानं म्हटलंच नाही, त्याला माझा स्वभाव माहीत आहे. शेवटी म्हणाला, "ऐक. अण्णा गेल्यापासून त्यांच्या नावाची मूठ थांबली. माणूस गेलं की थांबतेच. ही मूठ अण्णांच्या नावानं घेऊ. तू आणलीस, अण्णांच्या नावानं. मी स्वतः नाव घेतो. सगळ्यांसमोर."

मी थांबले. हे मला अपेक्षित नव्हतं. अण्णांचं नाव पुन्हा त्या सुपात. लाडकी लेक बापाची मूठ पायी घेऊन आली, गावभर कौतुक होईल, बायका डोळे पुसतील, हितेंद्रची मान खाली जाणार नाही, माझीही. दोन-तीन क्षण मला ते इतकं गोड वाटलं की मी जवळजवळ हो म्हणाले. अण्णांचा तो खरबरीत हात मला दिसला. आणि मग त्या हातानं माझी बोटं उघडलेली दिसली, करंगळीपासून. माझी मूठ त्यांच्या नावानं टाकणं म्हणजे तेच पुन्हा, फक्त या वेळी मी स्वतःच बोटं उघडणार.

"अण्णांनी त्यांची मूठ जन्मभर घातली," मी म्हटलं. "ही माझी आहे, हितेंद्र."

"मग मी नाव घेणार नाही." या वेळी तो हसला नाही. "तुला टाकायची तर टाक. माझ्या तोंडून यायचं नाही ते." काच वर गेली, गाडी पुढे निघून गेली, आणि चिखलात तिच्या चाकांच्या दोन ओळी राहिल्या. मी त्या दोन ओळींच्या मधून चालत गेले. तो हसला नाही याचा मला आनंद झाला होता. रडायलाही येत होतं, दोन्ही एकदम.

वेशीवर मारुतीपाशी चंदनची सुरतेची गाडी उभी होती. चंदन छत्रीखाली सँडल हातात घेऊन उभा होता. मला बघून त्यानं सँडल खाली ठेवले, पुन्हा उचलले. "आली का अक्का," एवढंच म्हणाला, आणि माझ्या मागून चालू लागला. घर आता सिमेंटचं आहे, ओट्याला चकचकीत टाइल्स. ओट्यावर जातं मांडलेलं, त्याला हळदीकुंकू, पोतं उघडं, सूप समोर, भाऊबंद भिंतीला टेकून बसलेले. बायका दारात. बेबाबाई जात्यापाशी, एक पाय लांब, खुंट्यावर हात. हितेंद्रच्या बायकोनं तांब्या आणून दिला, मी पाय धुतले, पाणी लाल झालं. फडकं कमरेलाच होतं, ते तिनं बघितलं आणि नजर वळवली. हितेंद्रनं नावं घ्यायला सुरुवात केली. एक नाव, मूठ, चिमूट, जात्याचा एक फेर. चंदन पुढे झाला, आपली पुडी सुपात रिकामी केली, त्याचं नाव, फेर. स्वप्नील. स्वप्नीलचं बाळ. दर फेराला काकूचा खांदा किंचित वर येत होता, आणि ओठ आवळले जात होते, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं मी फक्त नावं ऐकत होते.

शेवटचं नाव झालं. हितेंद्रनं सूप पुढे ढकललं आणि तो जमिनीकडे बघत बसला. मी पुढे गेले. फडक्याची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. आतले दाणे कोरडे होते. मी ते मुठीत घेतले, सुपावर हात धरला आणि म्हटलं, "ज्योत्स्ना जीवराम पाटील." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, दारातलं एक पोर दचकलं. मूठ उघडली. माझी मी. मग चिमूट.

जातं फिरलं नाही. काकूचा हात खुंट्यावर होता आणि ती फिरवत नव्हती. पावसाचा आवाज येत होता. पुरुषांपैकी कुणीतरी खाकरलं. हितेंद्रनं वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, म्हणजे काकूनंच निकाल दिला, आता त्याला काही करायला नको. मला फोनवरचं तिचं 'हट नको करू' ऐकू आलं. पायी आलेला दाणा माघारी जात नाही, पण तो सुपात तसाच पडून राहू शकतो, हे मी धरलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मी हलणार नव्हते. तिथेच बसून राहिले असते, कानबाई बसेपर्यंत, उठेपर्यंत.

"थांब," काकू म्हणाली. खुंट्यावरचा हात तिनं काढला, पोतं स्वतःकडे ओढलं आणि त्यात हात घातला. दाणे घेतले, पण बोटं मिटेनात, अर्ध्यात थांबली, दाणे सांडले. पुन्हा घेतले, पुन्हा सांडले. भावजय मदतीला वाकली तर तिला डोळ्यांनी मागे सारलं. मग तिनं दोन्ही हात पोत्यात घातले आणि भरभरून ओंजळ वर काढली. "नाव घे मनं," ती मला म्हणाली.

"काकू, मूठच असते," हितेंद्र म्हणाला. अगदी हळू.

"मूठ मिटस नही आते मनी. दोन्ही हातनं घे." तिनं ओंजळ सुपावर धरली होती. "न बठ्ठा वरीसनी शे. घे व पोर, नाव."

मी तिचं नाव घेतलं. तिच्या सगळ्या वर्षांचे गहू सुपात पडले, माझ्या दाण्यांवर, त्या सगळ्यांवर, आणि कुठले कुणाचे ते लगेच कळेनासं झालं. काकूनं हात पदराला पुसले. मग भिंतीचा आधार घेत ती जात्यापासून बाजूला सरकली आणि आपली जागा रिकामी करून तिनं हितेंद्रकडे बघितलं. "बठ," म्हणाली.

"मी?"

"मूठ मिटस नही तं खुंटा कसा धरू? बठ. दोन फेर राही गयात, एक हिना, एक मना."

हितेंद्रनं चंदनकडे बघितलं, चंदननं आपल्या सँडलकडे. मग माझ्या भावानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, जात्यापाशी बसला आणि एका हातानं खुंटा धरून ओढला. जातं अर्ध्यावर जाऊन अडकलं. त्यानं पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला होता.

"दोन्ही हातनं," काकू म्हणाली.